वीज ग्रिडचे नियंत्रण : कटवारिया सराय ते दादरी

दक्षिण दिल्लीत कुतुब संस्थात्मक क्षेत्राला लागून असलेल्या कटवारिया सराय भागात देशाच्या वीज व्यवस्थेची दोन महत्त्वाची नियंत्रण केंद्रे आहेत. शहीद जीत सिंह मार्गावर उत्तर विभागीय भार प्रेषण केंद्र आहे आणि त्याच परिसरात २००९ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र आहे. या कक्षांच्या भिंती व्यापणाऱ्या मोठ्या पडद्यांवर पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे आणि वीजनिर्मिती केंद्रे यांचे जाळे दिसते. सर्वांत ठळक अक्षरांत असतो तो ५० च्या आसपास सतत हलणारा एक आकडा. हा आकडा म्हणजे ग्रिडची वारंवारता होय. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि कच्छपासून ईशान्येपर्यंत, ग्रिडला जोडलेली सर्व जनित्रे एकाच लयीत फिरत असतात. विजेची मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ही लय मंदावते आणि मागणी घटली की ती वाढते.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही सोपे नाही. त्यामुळे निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. मे २०२४ च्या अखेरीस देशाची कमाल मागणी २ लाख ५० हजार मेगावॅटवर पोहोचली. त्याच वर्षी जूनमध्ये एकट्या दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॅट इतकी नोंदली गेली. एवढ्या प्रचंड व्यवहाराचा तोल सांभाळणारी उपकरणे कोणती, ती कशी काम करतात आणि ती अपुरी पडतात तेव्हा काय होते, याची माहिती या लेखात दिली आहे.

भार प्रेषण म्हणजे काय

‘लोड डिस्पॅच’ या संज्ञेसाठी मराठीत ‘भार प्रेषण’ हा शब्द रूढ झाला आहे. तो शब्दशः योग्य असला तरी काहीसा फसवा आहे. या केंद्रातून वीज कोठेही पाठवली जात नाही. पाठवले जातात ते आदेश. कोणत्या केंद्राने किती निर्मिती करावी, कोणत्या राज्याने किती वीज घ्यावी, कोणती वाहिनी बंद ठेवावी आणि कोणती चालू करावी, हे येथून सांगितले जाते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग केले जातात आणि प्रत्येक भागाचे वेळापत्रक आधी ठरते.

या रचनेचे तीन स्तर आहेत. तळाशी राज्य भार प्रेषण केंद्रे येतात. महाराष्ट्राचे केंद्र नवी मुंबईत ऐरोली येथे आहे. त्यावर दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूरु आणि शिलाँग येथील पाच विभागीय केंद्रे आणि सर्वांत वर राष्ट्रीय केंद्र. विभागीय आणि राष्ट्रीय केंद्रे पूर्वी पॉवरग्रिड या पारेषण कंपनीकडे होती. पुढे त्यांच्यासाठी पोसोको ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २०२२ च्या अखेरीस तिचे नाव ‘ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया’ असे झाले. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम २९ अन्वये विभागीय केंद्राचे निर्देश पाळणे राज्यांना आणि निर्मिती कंपन्यांना बंधनकारक आहे. निर्देशांचे पालन न केल्यास पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हजारो मेगावॅटच्या व्यवहारात ही रक्कम किती धाक निर्माण करील, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

पडद्यावरील चित्र कोठून येते

विस्तीर्ण जाळ्यावर दुरून देखरेख ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीला ‘स्काडा’ असे म्हणतात. प्रत्येक मोठ्या उपकेंद्रात एक दूरस्थ संच बसवलेला असतो. तो वाहिनीवरील विद्युतदाब, प्रवाह, मेगावॅट आणि खटके चालू आहेत की बंद आहेत ही माहिती गोळा करतो आणि प्रकाशीय तंतूंच्या जाळ्यातून नियंत्रण केंद्राकडे पाठवतो. उत्तर विभागात अशी एकत्रित भार प्रेषण आणि दळणवळण योजना २००२ मध्ये कार्यान्वित झाली. त्यापूर्वी नियंत्रण कक्षातील अभियंत्यांची भिस्त मुख्यतः दूरध्वनीवर आणि तोंडी मिळणाऱ्या आकड्यांवर होती.

या प्रणालीची एक मर्यादा आहे. ती दर काही सेकंदांनी माहिती घेते आणि सर्व ठिकाणची माहिती नेमक्या एकाच क्षणाची नसते. वारंवारता हळूहळू घसरत असेल तर हे चित्र पुरेसे असते. परंतु ग्रिड कोसळते तेव्हा ते काही सेकंदांत कोसळते. अशा वेळी पडद्यावर जे दिसते ते घडून गेलेले असते. याचा सर्वांत कठोर अनुभव दिल्लीने जुलै २०१२ मध्ये घेतला.

३० आणि ३१ जुलै २०१२

३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर ग्रिड कोसळले. दिल्लीसह उत्तर प्रदेश, हरियाणा, पंजाब, राजस्थान, उत्तराखंड, हिमाचल प्रदेश तसेच जम्मू आणि काश्मीर अंधारात गेले. सकाळी दिल्ली मेट्रोची सेवा वेळेवर सुरू होऊ शकली नाही. सायंकाळपर्यंत पुरवठा पूर्ववत झाला. मात्र दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिड एकाच वेळी बंद पडली. भुयारातील मेट्रो गाड्यांतून प्रवाशांना बाहेर काढावे लागले, शेकडो रेल्वेगाड्या खोळंबल्या आणि पश्चिम बंगालमधील कोळसा खाणींत सुमारे दोनशे कामगार अडकून पडले. त्यांची नंतर सुखरूप सुटका झाली. बाधित प्रदेशाची लोकसंख्या साठ कोटींहून अधिक होती.

या घटनेबाबत एक समज आजही आढळतो. मागणी वाढली, वारंवारता घसरली आणि ग्रिड कोसळले, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पहिल्या बिघाडापूर्वी वारंवारता ४९.६८ हर्ट्झ होती आणि दुसऱ्यापूर्वी ४९.८४. त्या वेळची खालची अनुज्ञेय मर्यादा ४९.५ हर्ट्झ होती. म्हणजे भिंतीवरचा ठळक आकडा दोन्ही वेळा समाधानकारक होता. धोका होता तो वाहिन्यांवर. उत्तर विभागातील काही राज्ये वेळापत्रकापेक्षा अधिक वीज ओढत होती, पश्चिम विभागात वीज शिल्लक होती आणि ती उत्तरेकडे जाण्याचे मुख्य मार्ग कमी झाले होते. बिना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरील एक मंडल ७६५ किलोव्होल्टच्या कामासाठी बंद ठेवले होते. उरलेल्या ४०० किलोव्होल्टच्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर असाधारण भार आला.

ही वाहिनी तुटली नाही, तिच्यावर झाड पडले नाही की वीज कोसळली नाही. तिला बंद केले ते तिच्याच संरक्षणासाठी बसवलेल्या रिलेने. हे उपकरण ‘अंतर रिले’ म्हणून ओळखले जाते. वाहिनीचा विद्युतदाब भागिले तिच्यातील प्रवाह असे गणित ते सतत करत असते. लघुपरिपथ झाला की दाब घटतो, प्रवाह वाढतो आणि भागाकार लहान होतो. भागाकार जितका लहान, तितका बिघाड जवळ. रिलेचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा तत्काळ कृती करतो, तर तिसरा दूरवरच्या बिघाडासाठी राखीव असून काही विलंबाने कृती करतो. त्या पहाटे वाहिनीवरील प्रवाह इतका वाढला होता आणि दाब इतका उतरला होता की लघुपरिपथ झालेला नसतानाही भागाकार तिसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत शिरला. रिलेने त्याचा अर्थ दूरवरचा बिघाड असा लावला आणि वाहिनी तोडली.

त्यानंतरचा घटनाक्रम मानवी हस्तक्षेपाच्या आवाक्यातला नव्हता. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या विजेने पूर्व विभागातून लांबचा वळसा घेतला. लांब वाहिन्यांच्या दोन टोकांवरील जनित्रांची लय एकमेकींपासून दुरावू लागली, विजेचे हेलकावे सुरू झाले आणि एकामागून एक दुवे तुटत गेले. सुमारे ५,८०० मेगावॅट वीज बाहेरून घेणारे उत्तर ग्रिड एकाकी पडले. अशा प्रसंगी वारंवारता घसरताच आपोआप भार तोडणारे रिले राज्यांच्या उपकेंद्रांत बसवलेले असणे अपेक्षित होते. ते कागदोपत्री होतेही. परंतु त्यांच्याकडून पुरेसा दिलासा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी घटना त्याच वाहिनीपासून सुरू झाली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभाग कोसळले आणि मागणी अचानक नाहीशी झाल्याने पश्चिम विभागातील वारंवारता ५१.४ हर्ट्झपर्यंत उसळली. तरीही महाराष्ट्र आणि गुजरातसह पश्चिम विभाग तगला.

तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे ३१ जुलै रोजीच गृह खाते सोपवण्यात आले. पुढे सतरा महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी एकलय झाले आणि संपूर्ण देशाचे एकच ग्रिड अस्तित्वात आले. या ऐतिहासिक जोडणीचे एक टोक शिंदे यांच्या सोलापुरात यावे, हा केवळ योगायोग.

सेकंदाला पंचवीस नोंदी

२०१२ च्या चौकशीत कोणती वाहिनी कोणत्या क्षणी तुटली याचा क्रम लावण्यासाठी एका नव्या उपकरणाच्या नोंदी उपयोगी पडल्या. हे उपकरण ‘पीएमयू’ या नावाने ओळखले जाते. विद्युतदाब आणि प्रवाह यांचे मूल्य तर ते मोजतेच, शिवाय त्यांचा कोनही मोजते. प्रत्येक नोंदीवर उपग्रहाकडून मिळालेल्या अचूक वेळेचा शिक्का असतो. त्यामुळे शेकडो किलोमीटर अंतरावरील दोन उपकेंद्रांची स्थिती नेमक्या एकाच क्षणाची म्हणून शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. भारतात या नोंदी साधारणतः सेकंदाला पंचवीस या वेगाने घेतल्या जातात.

कोनाचे महत्त्व दैनंदिन उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन बैल एकच जू ओढत असताना एक थोडा पुढे आणि एक थोडा मागे असू शकतो. हे अंतर ठराविक मर्यादेपलीकडे गेले की जू तिरके होते आणि गाडी उलटण्याची वेळ येते. ग्रिडच्या दोन भागांतील कोनाचे अंतर अशीच पूर्वसूचना देते. वारंवारतेचा आकडा ती देऊ शकत नाही.

उत्तर विभागात २०१० मध्ये प्रायोगिक तत्त्वावर विंध्याचल, कानपूर, दादरी आणि मोगा या चार ठिकाणी हे संच बसवण्यात आले आणि त्यांची माहिती दिल्लीतील विभागीय केंद्रात एकत्र करण्यात आली. पुढे देशव्यापी योजना आखण्यात आली. त्याअंतर्गत सुमारे १,७०० संचांचे नियोजन होते. मिळणाऱ्या प्रचंड माहितीचे विश्लेषण करणारी संगणक प्रणाली पॉवरग्रिडने पवई येथील आयआयटी मुंबईच्या सहकार्याने विकसित केली.

रिलेच्या बाबतीतही धडा घेण्यात आला. तिसऱ्या टप्प्याच्या मर्यादांचा फेरविचार झाला, वाढता भार आणि खरा बिघाड यांतील फरक ओळखणारी व्यवस्था वापरण्यावर भर देण्यात आला आणि संरक्षण प्रणालींची त्रयस्थ तपासणी सुरू झाली. अनुज्ञेय वारंवारतेचा पट्टाही अरुंद करण्यात आला. २०१४ पासून तो ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ४८ हर्ट्झच्या आसपास ग्रिड चालवणाऱ्या पिढीला हा पट्टा स्वप्नवत वाटला असता.

दादरी : आदेशाप्रमाणे वाहणारी वीज

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, उत्तर प्रदेशच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील दादरी हे नाव नियंत्रण उपकरणांच्या इतिहासात वारंवार येते. सोनभद्र जिल्ह्यातील रिहंद येथून निघालेली ±५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून येथे येते. ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या वाहिनीचे वैशिष्ट्य नियंत्रणात आहे. नेहमीच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या जाळ्यात वीज आपला मार्ग स्वतः निवडते आणि कमी अडथळ्याच्या वाटेने वाहते. बिना-ग्वाल्हेरवर भार येऊ नये असे कितीही वाटले तरी विजेला तसे सांगता येत नाही. एकदिश वाहिनीला मात्र सांगता येते. तिच्या दोन्ही टोकांवर थायरिस्टर झडपांची सभागृहे असतात आणि किती मेगावॅट न्यायचे हे संगणकावरून ठरवता येते. महाराष्ट्रात चंद्रपूर-पडघे ही वाहिनी त्याच जातीची असून भद्रावती येथील केंद्राने पश्चिम आणि दक्षिण विभाग एकलय होण्याच्या कितीतरी आधी त्यांना या तंत्राने जोडले होते.

दादरीतच ४ जानेवारी २०१८ रोजी स्वयंचलित निर्मिती नियंत्रणाचा देशातील पहिला प्रयोग सुरू झाला. एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राच्या दुसऱ्या टप्प्यातील ४९० मेगावॅटचे दोन संच राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राशी थेट जोडण्यात आले. तोपर्यंत निर्मिती वाढवण्याचा किंवा घटवण्याचा आदेश वेळापत्रकातून अथवा दूरध्वनीवरून जात असे आणि केंद्रातील अभियंता तो अमलात आणत असे. आता कटवारिया सरायमधील संगणक दर चार सेकंदांनी संचांना थेट संकेत पाठवू लागला. पुढील टप्प्यात नागपूर जिल्ह्यातील मौदा केंद्राचाही समावेश झाला. २०२२ च्या सहायक सेवा विनियमांनी या व्यवस्थेला मोबदल्याची चौकट दिली.

नियंत्रणाची सार्वजनिक कसोटी लागली ती ५ एप्रिल २०२० रोजी. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी देशभरातील घरांतील दिवे मालवण्यात आले. सुमारे १२ ते १४ हजार मेगावॅट मागणी कमी होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१ हजार मेगावॅटने घटली आणि काही मिनिटांत पुन्हा वाढली. जलविद्युत केंद्रांची निर्मिती आधी वाढवून ठेवली होती. ती नऊच्या सुमारास वेगाने उतरवून पुन्हा चढवण्यात आली. वारंवारता ५०.२६ ते ४९.७० हर्ट्झ या मर्यादेत राहिली. येथे उपकरणांइतकेच श्रेय दोन दिवसांच्या पूर्वतयारीचे आणि सर्व राज्यांनी आदेश पाळल्याचे आहे. जुलै २०१२ मध्ये नेमके तेच घडले नव्हते.

हिवाळ्याच्या रात्री

उन्हाळ्यातील मागणीच्या बातम्या सर्वत्र येतात, पण दिल्लीच्या ग्रिडला हिवाळ्याच्या रात्रीही कठीण जातात. मध्यरात्रीनंतर मागणी घसरते, लांब वाहिन्या जवळजवळ रिकाम्या राहतात आणि त्यांच्यावरील विद्युतदाब वाढू लागतो. तो आटोक्यात ठेवण्यासाठी काही वाहिन्या चक्क बंद कराव्या लागतात. त्यात दाट धुके आणि प्रदूषण यांचा थर इन्सुलेटरवर बसून ठिणग्या उडतात आणि वाहिन्या आपोआप तुटतात. याकरिता उत्तर विभागात चिनी मातीच्या जागी पॉलिमरचे इन्सुलेटर मोठ्या प्रमाणावर बसवण्यात आले.

दाब आवरण्याचे काम रिअ‍ॅक्टर आणि कपॅसिटर करतात. मात्र ते खटक्याने चालू-बंद होतात. एका चक्राच्या आतबाहेर प्रतिसाद देणारी उपकरणे त्यानंतर आली. कानपूर येथील एसव्हीसी हे उत्तर विभागातील जुने उदाहरण. नंतरच्या पिढीतील स्टॅटकॉम हे उपकरण विद्युतदाब उतरला तर आधार देते आणि चढला तर शोषून घेते. नलागड आणि लखनौप्रमाणेच महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर येथेही ते बसवण्यात आले आहे.

राजस्थानातील सौर वीज दिवसा दिल्लीकडे येऊ लागल्यापासून या उपकरणांची निकड वाढली आहे. सौर प्रकल्पात फिरते वजनदार जनित्र नसते, त्यामुळे धक्का बसल्यावर लय टिकवून ठेवणारी जडताही नसते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी संपूर्ण वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा वाढलेला विद्युतदाब आवरण्यात आलेले अपयश हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. तेथेही सौर विजेचे प्रमाण त्या वेळी मोठे होते.

बेट टिकले तर

ग्रिड कोसळलेच तर शहराचा काही भाग वेगळा काढून स्थानिक निर्मितीवर चालू ठेवण्याच्या योजनेला ‘आयलँडिंग’ म्हणजे बेटीकरण म्हणतात. मुंबईत अशी योजना १९८१ पासून आहे आणि तिने अनेकदा शहराला वाचवले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे वाहिन्या तुटल्यानंतर बेट टिकू शकले नाही. उपनगरी रेल्वे जागीच थांबली. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण दिले. या घटनेनंतर केंद्र सरकारने प्रमुख शहरांच्या बेटीकरण योजना तपासण्यावर भर दिला.

दिल्लीच्या बाबतीत ही तपासणी अधिक अवघड आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे सारे उत्तर ग्रिड बंद असताना बदरपूर औष्णिक केंद्राच्या आधारावर राजधानीतील एक छोटा भाग चालू राहिला होता. प्रदूषणाच्या कारणास्तव हे केंद्र १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कायमचे बंद करण्यात आले. इंद्रप्रस्थ आणि राजघाट येथील कोळशावरील केंद्रे त्यापूर्वीच थांबली होती. आता शहराच्या हद्दीत मोठी निर्मिती आहे ती प्रामुख्याने बवाना आणि प्रगती या वायू केंद्रांची आणि ती किती संच चालवतील हे वायूच्या उपलब्धतेवर व दरावर अवलंबून असते. दिल्लीचे बेट आठ हजार मेगावॅटचे असू शकत नाही. त्यात मेट्रो, रुग्णालये, पाणी उपसा केंद्रे आणि अत्यावश्यक कार्यालये एवढेच सामावता येईल. उरलेला सर्व भार वारंवारता घसरताच सेकंदाच्या अंशात तोडावा लागेल आणि ते काम त्याच रिलेंना करावे लागेल, ज्यांच्याकडून २०१२ मध्ये अपेक्षित दिलासा मिळाला नव्हता.